जुने गोवे, तोर्डा आणि कॉमिक्समधले नायक

पणजीच्या आझाद मैदानाला लागून मिनेझिस ब्रागांझा संस्थेची इमारत आहे. आत शिरलं की प्रवेशदालनाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरशा दिसतात. जॉर्ज कोलासो या चित्रकाराचं हे १९३५ सालचं काम. विषय आहे पोर्तुगीज कवी कामोंइशच्या 'ओस लुसियादास' या महाकाव्यातले प्रसंग, म्हणजे पोर्तुगीज दर्यावर्दींचा पराक्रम. जवळ गेल्यावर फरशांचे सांधे चित्रातल्या माणसांच्या अंगावरून गेलेले दिसतात. एका फरशीवर मनगट संपतं आणि पुढच्या फरशीवर बोटं सुरू होतात. दहावीची परीक्षा आटोपून माझ्याबरोबर आलेला भाचा दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "मावशी, हे तर कॉमिकच आहे की!"

मला ते पटलं, आणि पुढची सगळी भटकंती आम्ही त्याच नजरेने केली. चित्रातून गोष्ट सांगायची, तर मध्यभागी कुणीतरी उभा लागतो आणि बाकीचे त्याच्याभोवती. मध्यभागी कुणी उभं राहायचं हे ठरवतं कोण, याचा विचार मी गोव्यात पहिल्यांदा नीट केला.

आम्ही उतरलो होतो डिचोलीला, मैत्रिणीच्या माहेरी. तिचे काका वाचनवेडे. त्यांच्याकडे माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे अंक सुतळीने बांधून ठेवलेले आहेत. पिना गंजून पानांना तांबूस भोकं पडली आहेत, पण वेताळाचा, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचा, जांभळा पोशाख आणि कवटीची अंगठी जशीच्या तशी. "आमोण्याचा वेताळ म्हणजे आमचा गावराखा, तेव्हा हाही आम्हाला घरचाच वाटायचा," काका म्हणाले. मलाही लहानपणी तो घरचाच वाटायचा. त्या अंकांसाठी आम्ही भावंडं भांडायचो.

आता भाच्याशेजारी बसून तीच पानं उलटताना मांडणी लख्ख दिसली. अमेरिकी लेखक ली फॉकने हा वेताळ १९३६ साली आणला. गोष्टीप्रमाणे १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक गोरा माणूस किनाऱ्याला लागतो, बांदार जमातीचे बुटके लोक त्याचा जीव वाचवतात, आणि मग पिढ्यान् पिढ्या त्याचे वंशज त्या जंगलाचा न्यायनिवाडा करतात. जंगल काळ्या माणसांचं आणि निवाडा गोऱ्याच्या हातात. फॉकच्याच जादूगार मँड्रेकचा सोबती लोथार हा खरं तर राजपुत्र. सुरुवातीच्या पट्ट्यांत मात्र तो बिबट्याचं कातडं गुंडाळून मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा. १९६५ साली फ्रेड फ्रेडरिक्स चित्रकार म्हणून आला, तेव्हापासून लोथारला धड कपडे आणि धड भाषा मिळाली. इंद्रजालनेच १९७६ साली आबिद सुरतींचा बहादूर आणला. डाकूचा मुलगा, दरोडेखोरांशी लढणारा. काकांना वेताळापेक्षा तोच जास्त आवडायचा, आणि का ते मला आता कळतं.

दुसऱ्या दिवशी जुने गोवे. विजरईच्या, म्हणजे व्हाइसरॉयच्या, कमानीवर एका बाजूला वास्को द गामा उभा आहे. कमान ओलांडून मागे वळून पाहा. दुसऱ्या बाजूला हातात तलवार घेतलेली एक बाई आहे आणि तिच्या पायाखाली एक माणूस पडलेला आहे. पर्यटक खालून जातात, वर क्वचितच कुणी बघतं. या कमानीतून वर जाणारा रस्ता म्हणजे एके काळचा रुआ दिरैता, राजधानीचा मुख्य बाजार. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने त्या बाजाराचं वर्णन लिहून ठेवलंय. घोडे, गालिचे, जडजवाहीर, आणि त्याच लिलावात माणसंही. मोझांबिकहून जहाजांत भरून आणलेली आफ्रिकी माणसं इथे विकली जात.

या माणसांचं पुढे काय झालं? गोव्यात खाप्री नावाच्या रखवालदार दैवताची स्थानं आहेत, आणि लोकपरंपरेचे काही अभ्यासक त्याचा संबंध या आफ्रिकी गुलामांशी जोडतात. पर्वरीला महामार्गालगत वडाखाली खाप्रेश्वर होता. उड्डाणपुलाच्या कामासाठी २०२५ साली तो हलवला गेला, त्यावरून लोक चिडलेही होते. मला ही कल्पना विलक्षण वाटते. फॉकच्या जंगलाला गोरा राखणदार लागतो, आणि इथे विकत आणलेल्या काळ्या माणसाला गावाने आपल्या वेशीवर राखणीला बसवलं, त्याला नारळ वाहिला. ही गोष्ट कुणीतरी चित्रांत मांडायला हवी.

से कॅथेड्रलसमोरच्या हिरवळीवर बसून भाच्याला मी अमेरिकेतल्या कॉमिक्सची हकिगत सांगितली. त्याला माइल्स मोरालेस, म्हणजे नवा काळा स्पायडरमॅन, पाठ आहे, मला त्याआधीचं ठाऊक आहे. सुपरमॅन १९३८ साली आणणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर ही ज्यू स्थलांतरितांची मुलं. चित्रकार जॅक कर्बीचं मूळ नाव जेकब कर्ट्झबर्ग. बड्या मासिकांचे आणि जाहिरात कंपन्यांचे दरवाजे ज्यूंना सहजी उघडत नसत, म्हणून ही पोरं कॉमिक्सच्या स्वस्त धंद्यात आली. दूरच्या ग्रहावरून आलेला निर्वासित त्यांनी नायक केला, पण चेहरा मात्र गोराच ठेवला.

काळ्या पत्रकाराने काळे चित्रकार जमवून काढलेलं पहिलं कॉमिक १९४७ सालचं. फिलाडेल्फियाचे ऑरिन इव्हान्स, अंकाचं नाव 'ऑल-निग्रो कॉमिक्स'. त्यात लायन मॅन नावाचा आफ्रिकी वंशाचा, शिकलेला, शास्त्रज्ञ नायक होता. दुसरा अंक तयार होता, पण कागदवाल्यांनी इव्हान्सना कागदच विकला नाही. तिथेच संपलं. ब्लॅक पँथर हा काळा सुपरहिरो यायला पुढे १९६६ साल उजाडलं, आणि तो आणला स्टॅन ली आणि कर्बी यांनी. मला या सगळ्या इतिहासात कर्तबगार नायकांइतकाच तो न मिळालेला कागद आठवत राहतो.

मग १९९३. ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन, मायकेल डेव्हिस आणि डेरेक डिंगल या काळ्या मंडळींनी माइलस्टोन मीडिया ही कॉमिक्स कंपनी काढली. वितरण डीसी या बड्या प्रकाशकाकडे, पण पात्रांची मालकी स्वतःकडे. मॅकडफीचं म्हणणं असं, की गोष्टीत काळा माणूस एकटाच असला तर साऱ्या समाजाचं ओझं त्याच्यावर पडतं, त्याला नुसता माणूस राहता येत नाही. म्हणून त्यांनी डकोटा नावाचं अख्खं शहर रंगवलं आणि त्यात काळे श्रीमंत, काळे गरीब, शहाणे, चुकार, सगळे घातले. मला हा सर्वांत मोठा बदल वाटतो.

जुन्या गोव्याहून तोर्ड्याला गेलो. बस थेट जात नाही; पर्वरीहून रिक्षा किंवा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, करावा लागतो. साल्वादोर दु मुंदूतलं हे ठिकाण निवांत आहे, आणि तिथे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडाचं चित्रदालन आहे. मारिओ १९२६ साली दमणला जन्मला, वाढला लोटलीच्या वडिलोपार्जित घरात. त्याच्या चित्रांत पाद्री, कोळणी, तावेर्नातले (दारूच्या गुत्त्यातले) पिणारे, व्हायोलिनवाले, कोपऱ्यात हमखास कुत्रा. एका चित्रापुढे मी बराच वेळ उभी राहिले. शंभरेक माणसांच्या गर्दीत एकाचंही नाक दुसऱ्यासारखं नव्हतं. गोव्याला कोलासोच्या फरशांवर जागा नव्हती, ती मारिओने दिली.

तरीही एक सांगावंसं वाटतं. मारिओचं घर भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं. त्याने गावकऱ्यांना प्रेमाने काढलं, पण बाल्कांवावरून, घरापुढच्या उंच ओसरीवरून, पाहून. केप्याच्या किंवा काणकोणच्या कुणबी घरातली मुलगी गावचं फेस्त (चर्चचा उत्सव) चित्रात काढेल, तेव्हा तिला भाटकाराचा बाल्कांव खालून कसा दिसतो ते आपल्याला कळेल. ते चित्र मला बघायचं आहे.

ज्याची गोष्ट त्यानेच काढावी, असा माझा दिवसभराचा सूर होता; परतीच्या कदंबा बसमध्ये भाच्याने मला त्यावर अडवलं. माइल्स मोरालेसचा बाप काळा अमेरिकी, आई पोर्तो रिकोची, आणि २०११ साली त्याला घडवणारे ब्रायन बेंडिस आणि सारा पिकेली. एक गोरा ज्यू, दुसरी इटालियन. "मग तुझं म्हणणं कुठे राहिलं?" मी म्हटलं, दुसऱ्याचं दुःख कुणी काढूच नये असं माझं म्हणणं नाही. बाहेरच्याने मनापासून काढलेलं चित्र टिकतं, पँथर टिकलाच. पण २००४ चा पवित्र प्रभाकर, तो भारतीय स्पायडरमॅन बघ. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग ही भारतीय नावंच त्यामागे होती, तरी गोष्ट मूळ स्पायडरमॅन पीटर पार्करचीच राहिली, फक्त अंकल बेनचा भीमकाका झाला आणि अंगावर धोतर आलं. नुसतं नाव आपलं असून भागत नाही.

कमला खान, म्हणजे मार्व्हलची पाकिस्तानी वंशाची नायिका, का जमली, हे त्याला माहीत होतं. २०१४ च्या तिच्या मालिकेमागे सना अमानत होती. न्यू जर्सीत वाढलेली पाकिस्तानी वंशाची मुलगी, मार्व्हलमध्ये संपादक. तिने आपल्या लहानपणाचे किस्से सहकाऱ्याला, स्टीव्ह वॅकरला, सांगितले आणि त्यातून पात्राची कल्पना निघाली, लिहिलं जी. विलो विल्सनने, चित्रं एड्रियन अल्फोनाची. भाच्याने तिथेच फोनवर अंकाचं नामावलीचं पान उघडलं, संपादकांची नावं मोठ्याने वाचली, आणि विचारलं की आपल्याकडे मराठीत मुलांच्या पुस्तकांचे संपादक कोण असतात.