४.१४ कर्नलवर अँड्रॉइड १५ : बूटलूप सुटला, मोबाइल डेटा मात्र अर्धाच

निर्मात्याने वाऱ्यावर सोडलेल्या, ४.१४ कर्नल (लिनक्सचा गाभा) असलेल्या फोनवर अँड्रॉइड १५ चालवण्याच्या प्रयत्नाची मागील नोंद बूटलूपपाशी, म्हणजे फोन पुन्हापुन्हा रीबूट होत राहण्यापाशी, थांबली होती. बूट ॲनिमेशन सुरू होण्यापूर्वीच फोन पुन्हा चालू होत असे आणि एडीबी (संगणकावरून फोनशी बोलण्याचे साधन) तोवर उपलब्ध होत नसल्यामुळे लॉग हाती लागत नव्हता. तो मार्ग अखेर सापडला. डेफकॉन्फिगमध्ये (कर्नलमध्ये काय चालू ठेवायचे ते ठरवणारी फाइल) पीस्टोअर आणि रॅमूप्स (रीबूटनंतरही लॉग मेमरीत टिकवणाऱ्या सोयी) चालू केले, डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरचे वर्णन) त्यांच्यासाठी थोडी मेमरी राखून ठेवली आणि पुढच्या बूटलूपनंतर थेट रिकव्हरीत शिरून आधीच्या बूटचा लॉग वाचला. कारण एका ओळीत लिहिलेले होते : या आवृत्तीला किमान ४.१९ कर्नल लागतो, असे सांगून नेटबीपीएफलोडने (नेटवर्कचे छोटे बीपीएफ प्रोग्रॅम कर्नलमध्ये चढवणाऱ्या सेवेने) काम सोडून दिले होते. ही सेवा अयशस्वी झाल्यास रीबूट करावे, अशी सूचना तिच्या आरसी फाइलमध्ये (सेवा कशी चालवायची ते सांगणारी फाइल) असते आणि इनिट (सर्व सेवा सुरू करणारी पहिली प्रक्रिया) ती इमानेइतबारे पाळत होता. ज्यांनी आपल्या कर्नलमध्ये रॅमूप्स अद्याप चालू केलेले नाही, त्यांनी इतर कोणतेही साधन जमवण्याआधी ते करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक ॲपच्या डेटा वापराचा हिशेब अँड्रॉइड ९ पासून ईबीपीएफकडे (थोडक्यात बीपीएफ : कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवण्याची सोय) जाऊ लागला आणि क्यूटॅगयूआयडी या कर्नल मॉड्यूलचा जुना मार्ग मागे पडला, हे आपण जाणतोच. त्यानंतर कर्नलची किमान पातळी चढतच गेली : अँड्रॉइड १३ साठी ४.९, १४ साठी ४.१४ आणि १५ साठी ४.१९. गंमत अशी की, ही तपासणी टेदरिंगच्या एपेक्समध्ये, म्हणजे मेनलाइनच्या (निर्मात्याची वाट न पाहता गूगलकडून थेट अपडेट होणाऱ्या भागांच्या) मॉड्यूलमध्ये बसलेली आहे. निर्मात्यांच्या दिरंगाईवर उतारा म्हणून अँड्रॉइड १० मध्ये आणलेली ही व्यवस्था, निर्मात्याने वाऱ्यावर सोडलेल्या फोनला आता दारातूनच परत पाठवते.

तपासणी काढून टाकणे सोपे होते आणि तेवढ्याने काही साधणार नाही, याची कल्पनाही होती. बूटलूप कायम राहिला, मात्र लॉगमधील शेवटची ओळ बदलली : आता कर्नलचा व्हेरिफायर (बीपीएफ प्रोग्रॅम सुरक्षित आहे का, हे तपासणारा भाग) एक प्रोग्रॅम नाकारत होता. इथून पुढचा सगळा वेळ बॅकपोर्टने (नव्या कर्नलमधील बदल जुन्यात आणण्याने) खाल्ला. बीपीएफ प्रोग्रॅममधून दुसरे बीपीएफ फंक्शन बोलावण्याची सोय मुख्य कर्नलमध्ये ४.१६ ला आली, सीग्रुपचे कनेक्ट हुक (प्रक्रियांच्या गटाने जोडणी करताना बीपीएफ प्रोग्रॅम चालवणाऱ्या जागा) ४.१७ ला, तर यूडीपीसाठीचे सेंडमेसेज हुक ४.१८ ला. हे सगळे कमिट (बदलांच्या नोंदी) क्रमाने चेरी-पिक करावेत, म्हणजे एकेक निवडून आणावेत, असे मी मागील नोंदीत लिहिले होते आणि सुरुवातही तशीच केली. परंतु ४.१६ मधील बदलांनी व्हेरिफायरची रचनाच हलवलेली असल्यामुळे त्या एका फाइलमध्ये जवळपास प्रत्येक कमिटला संघर्ष येऊ लागला. गिटची रेरेरे (एकदा सोडवलेला संघर्ष लक्षात ठेवणारी) सुविधा चालू ठेवली नसती, तर हा प्रयत्न कितीतरी आधी सोडून द्यावा लागला असता.

याच सुमारास लक्षात आले की, मी ज्या कारणासाठी चेरी-पिकचा आग्रह धरला होता, ते कारणच उरलेले नाही. संपूर्ण फोल्डर उचलून आणल्यास मुख्य शाखेतील पुढील सुरक्षा-दुरुस्त्या मर्ज करताना त्रास होईल, ही माझी भीती होती, पण ४.१४ ची मुख्य शाखा जानेवारी २०२४ मध्येच बंद झाली आहे आणि तेथून मर्ज करण्याजोगे आता काही येणार नाही. (अँड्रॉइड १५ चा सोर्स सप्टेंबर २०२४ मध्ये खुला झाला आणि त्याने किमान म्हणून मागितलेला ४.१९ त्याच वर्षीच्या डिसेंबरात निवृत्त झाला, हेही नोंदवून ठेवतो.) म्हणून ४.१९ चे कर्नल/बीपीएफ फोल्डर जसेच्या तसे आणले, हेडर जुळवले, आणि फोन थेट होम स्क्रीनवर पोहोचला. कॅमेरा, फिंगरप्रिंट, ब्लूटूथ हे सर्व जुन्याच व्हेंडर पार्टिशनवर (निर्मात्याच्या ड्रायव्हरचा भाग) पहिल्याच बूटला चालले. ट्रेबलला (अँड्रॉइड आणि निर्मात्याचा भाग वेगळे ठेवणाऱ्या रचनेला) नावे ठेवणाऱ्यांनी हा अनुभव एकदा तरी घ्यावा.

वाय-फाय निर्दोष आहे. मोबाइल डेटा मात्र केवळ आयपीव्ही६ देणाऱ्या नेटवर्कवर अर्धाच चालतो : आयपीव्ही६ असलेली संकेतस्थळे उघडतात, परंतु आयपीव्ही४ वर अडून बसलेली ॲप नुसती फिरत राहतात. लक्षणे क्लॅटकडे (आयपीव्ही४ ची वाहतूक आयपीव्ही६ मध्ये रूपांतरित करणाऱ्या सोयीकडे) बोट दाखवतात. माझा संशय नेट/कोअरमधील फिल्टरच्या फाइलवर आहे, कारण पॅकेटचे रूप बदलणारे बीपीएफ हेल्पर (कर्नलमधील मदतनीस फंक्शन) तिथे राहतात आणि ती फाइल फोल्डरसारखी सरसकट बदलता येत नाही. निर्मात्याने तिच्यात स्वतःचे बदल केलेले आहेत. कोणते आणि कशासाठी, हे समजण्यास वाव नाही. जीपीएलची (सोर्स देणे बंधनकारक करणाऱ्या परवान्याची) अट पूर्ण करण्यासाठी संपूर्ण कर्नल इतिहासाविना एकाच कमिटमध्ये टाकून दिलेला असल्यामुळे गिट ब्लेम (ओळ कोणत्या कमिटमधून आली ते सांगणारी आज्ञा) प्रत्येक ओळीसाठी तोच एक कमिट दाखवतो. अशा सोर्सला खुला म्हणणे कागदोपत्रीच खरे आहे.

चाचणी करणाऱ्या मंडळींच्या प्रतिक्रिया नेहमीच्याच वळणाच्या आहेत. अपडेट रखडल्याबद्दल जे सर्वाधिक त्रागा करत होते, त्यांनाच आता १५ मधील नवे व्हॉल्यूम पॅनेल नको असून १४ चे हवे आहे. आणि अर्थातच ‘१६ कधी?’ हा प्रश्न आहेच. अँड्रॉइड १६ जून २०२५ मध्ये आले आणि त्याची किमान पातळी ५.४ आहे, एवढेच उत्तर तूर्त देतो. पिक्सेल ८ पासून गूगलने आणि एस२४ पासून सॅमसंगने सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले आहे, ते स्वागतार्ह आहे; पण ते नव्या फोनपुरते आहे आणि आपण ज्या फोनवर काम करतो, ते त्याआधीचे आहेत.

पुढे फिल्टरची फाइल ओळीओळीने ताडून पाहण्याचा बेत होता. हे लिहिताना त्याहून स्वस्त उपाय सुचला : आधी आरएमनेटच्या (मोबाइल डेटाच्या) इंटरफेसवर टीसी फिल्टर (येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटवर बीपीएफ प्रोग्रॅम चालवणारी जोडणी) खरोखर जोडला जातो का, हे पाहावे. जोडलाच जात नसेल, तर दोष हेल्परमध्ये नसून त्याच्या कितीतरी आधी आहे, आणि फाइल ताडण्याचा खटाटोप वाचेल. तोवर हे बिल्ड चाचणीपुरतेच राहील. रोजच्या वापरासाठी १४ चेच बिल्ड ठेवावे. त्यात दर महिन्याचे सुरक्षा पॅच मी भरत राहीन.