चेंबरवरचा फोड

बाइकची चेन जिथून इंजिनाच्या कव्हरात शिरते त्या तोंडाच्या जरा खाली, चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीच्या कडेला, रंगाला चार आण्याच्या नाण्याएवढा फोड आला होता. तिसऱ्यांदा, आणि तिन्ही वेळा त्याच जागी. बाकीचं इंजिन असं काळंभोर बसलं होतं की हात लावायला जीव होऊ नये, आणि तेवढी एकच जागा फुगलेली. बाहेर पाऊस कोसळतोय, आत मी टॉर्च धरून उकिडवा बसलोय. या गोष्टीला आता दोन महिने होऊन गेले, तरी ती जागा डोळ्यांसमोरून जात नाही म्हणून लिहून काढतोय.

मी पेंटर. गोव्यात फोंड्याजवळ एका कार वर्कशॉपच्या बॉडीशॉपमधे चौदा वर्षं स्प्रे गन धरतोय. तिथे बूथ आहे, फिल्टरमधून येणारी हवा आहे, साठ डिग्रीला अर्धा तास भाजलं की पॅनल तयार. घरी मात्र अंगणात पत्र्याची शेड, आणि तिथे मी रात्री आणि रविवारी बाइक करतो, वर्षाला दोन, फार तर तीन.

हे काम यामाहाच्या आरएक्स १०० चं. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ही गाडी आपल्याकडे बनली, ९८ सीसी, ११ बीएचपी, आणि अजून लोक तिच्या आवाजावर जीव टाकतात. गाडी आणणारा पोरगा आमच्याच वाड्यावरचा, क्रूझवर किचनमधे आहे. कॉन्ट्रॅक्ट संपवून आला आणि बेळगावच्या बाजूने कुणाकडून तरी ही आरएक्स घेऊन आला, 'फुल रिस्टोअर' सांगून विकलेली. त्याला सिंगल सीट, सपाट हँडल आणि इंजिन पूर्ण काळं हवं होतं, फक्त फिन्सच्या, म्हणजे इंजिन हवेने गार ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, कडा चमकणाऱ्या. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की परत बोटीवर जायचं होतं आणि त्याआधी एकदा तरी ती चालवायची होती. रोज संध्याकाळी यायचा, हाताखाली राबायचा आणि जाताना एकच विचारायचा, "दादा, चवथीमेरेन जातलें न्ही?" मी म्हणायचो, चवथीपर्यंत होणार.

लोकांना वाटतं इंजिनाला रंग म्हणजे डबा हलवायचा आणि मारायचा. मारायला चाळीस मिनिटं लागतात, त्याआधी चार दिवस नुसती सफाई. आधी रॉकेल आणि ब्रश, मग डिग्रीझर, मग साबणाचं पाणी, मग जुना रंग काढायला रिमूव्हरची जेल आणि पितळी ब्रश. लोखंडी ब्रश अ‍ॅल्युमिनियमला ओरबाडतो, तो नको. कॉस्टिक सोड्यात बुडव, तासात साफ होतं असं सांगणारे मला दर वेळी भेटतात. होतं साफ, कारण सोडा रंगाबरोबर अ‍ॅल्युमिनियमच खातो, बुडबुडे येतात ते धातू विरघळताना सुटणाऱ्या हायड्रोजनचे. आणि रेतीचं ब्लास्टिंग बंद इंजिनावर तर कधीच नाही, एक कण आत राहिला की बेअरिंग गेलं. इंजिन नंबर असतो तिथे मी पॉलिश पेपरसुद्धा लावत नाही, प्राइमरही तिथे नावापुरता. एवढ्या जुन्या गाडीचं पासिंग दर पाच वर्षांनी करावं लागतं, आणि तिथे नंबरचा पेन्सिल प्रिंट स्वच्छ निघाला नाही की पुढचं सगळं आयुष्य हेलपाट्यात.

हे झालं तरी काम संपत नाही, कारण जुनं कास्टिंग तेल पितं. वरून कोरडंठाक दिसतं, हीट गन फिरवली की घाम फुटावा तसे तेलाचे बारीक थेंब वर येतात. पुसायचं, परत तापवायचं, परत पुसायचं, पांढरं फडकं पांढरंच राहीपर्यंत. ब्लॉक आणि हेड सुटं होतं, त्याला दोन रात्री लागल्या. खालचा चेंबर मात्र मी न उघडता, जोडलेलाच घेतला. पोरगा म्हणाला होता आतलं सगळं काम झालंय, फक्त रंग करायचाय. मी विश्वास ठेवला.

साफ करताना पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या, कव्हरला आतून अर्धगोल ओरखडे दिसले होते, खोल, एकाशेजारी एक. मी पाहिले. बाहेरून कव्हर बफ करायचं होतं, ते केलं, आतून नुसतं पुसलं. आणि चेंबरच्या त्या कडेला रिमूव्हर लावल्यावर राखाडी भुकटी निघाली, ती वाळलेला चिखल असेल असं धरून धुऊन टाकली. हे दोन्ही इथे लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातच होतं.

आणि रंग, तो मी मनापासून केला. अ‍ॅल्युमिनियमवर साधा प्राइमर धरत नाही, एचिंग प्राइमर लागतो, आतलं अ‍ॅसिड धातूला किंचित चावतं आणि मग रंगाला धरायला जागा होते, तोही पातळ, खालचा धातू दिसावा इतका. काळा रंग हाय टेम्परेचरचा, सिलिकॉनवाला. फिन्सच्या खोल फटींत स्प्रे पोचतच नाही, हवा उलटी फिरते आणि रंग बाहेरच्या कडेवर साचतो, म्हणून आधी वाकवलेल्या बारीक ब्रशने फटी भरून घेतल्या आणि मग तिरपा धरून तीन पातळ कोट मारले. जाड थर म्हणजे एअर कूल्ड इंजिनाला गोधडी पांघरणं. शेवटी लाकडाच्या सपाट पट्टीला पॉलिश पेपर गुंडाळून एकेक फिनची कड घासली, काळ्यात चांदीची रेघ ओढल्यासारखी. हे करताना मला वेळेचं भान राहत नाही. आई जेवायला तीनदा हाक मारून झोपून गेली होती.

श्रावणातली हवा हा वेगळाच छळ. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि काळ्यावर दुधासारखी साय धरते. म्हणून पाऊस थांबून ऊन पडेपर्यंत थांबायचं आणि इंजिन आधी हाताला कोमट लागेल इतकं गरम करून घ्यायचं. भाजायला मी जुन्या लोखंडी कपाटाचा ओव्हन केलाय, आत पाचशे वॉटचे दोन हॅलोजन आणि एक थर्मामीटर. माझ्या डब्यावर ९३ डिग्रीला एक तास लिहिलंय. बरोबर तासाने दार उघडलं आणि पहिला फोड दिसला.

पहिल्या वेळी म्हटलं, पुसताना बोट लागलं असणार. तेवढी जागा घासून काढली, कडा घासून पातळ उतरवल्या, परत प्राइमर, परत रंग. पण याच डब्यावर असंही लिहिलंय की दुसरा कोट एका तासाच्या आत मारा नाहीतर सात दिवस थांबा, मधे मारला की खालचा थर सुरकुततो. म्हणजे प्रत्येक चुकीला एक आठवडा. पुढच्या रविवारी परत फोड. तेव्हा डब्याला दोष दिला, दुसऱ्या मेकचा आणला. त्याच्या पुढच्या रविवारी परत. तेव्हा चवथीला नऊ दिवस होते.

बॉडीशॉपमधे नवीन पोरं येतात त्यांना मी पहिल्या दिवशी सांगतो की रंग आपणहून उठत नाही, खालून कोणीतरी ढकलतं तेव्हा उठतो. गंज ढकलतो, पाणी ढकलतं, तेल ढकलतं. एवढं माहीत असलेला माणूस दोन आठवडे बोटाला आणि डब्याला दोष देत बसला.

त्या रात्री नखाने फोड उचलला. खाली धातू असायला हवा होता, निघाला तेलाचा थेंब. वास घेतला, गिअर ऑइल. ऑइल तर कधीच काढून टाकलं होतं, म्हणजे आत राहिलेलं, तापलं की पातळ होऊन बाहेर येणारं. मग जुन्या मिस्त्रींकडून शिकलेलं केलं. तेवढी जागा थिनरने कोरडी केली, गिअर ऑइल ओतायच्या भोकातून आत रॉकेल भरलं आणि बाहेरून आईच्या डब्यातली टाल्कम पावडर फासली. पंधरा मिनिटं काहीच नाही. मग पांढऱ्यात एक ठिपका काळपट झाला, त्याच्या वर दुसरा, आणि बघता बघता दोन्ही जुळून केसाएवढी रेघ उमटली, वळत वळत आउटपुट शाफ्टच्या, म्हणजे पुढचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं त्या दांड्याच्या, बेअरिंगकडे चाललेली. अडीच इंच. पोरगा शेजारीच उभा होता. दोघंही कितीतरी वेळ काही बोललो नाही.

मग ओरखड्यांचा आणि त्या राखाडी भुकटीचा अर्थ लागला. कधीतरी चालत्या गाडीची चेन तुटली, पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली, आणि जागा नसली की चेन चेंबरच फोडते. तो तडा कोणीतरी एपॉक्सीच्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवला, वरून रंग मारला आणि गाडी विकली.

पोरगा म्हणाला, "दादा, परत लांबी लावूया काय? मी सात महिन्यांनी येतो, तेव्हा बघू." शेजारचे मिस्त्रीकाका, वयाने मोठे, माझ्या वडलांच्या वेळचे, त्यांनीही तेच सांगितलं, "लाय रे लांबी, कोण पळयता?" म्हणजे लाव, कोण बघतंय. त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त, पण हे मला पटलं नाही, आजही पटत नाही. तडा बेअरिंगच्या बैठकीकडे सरकतोय, ऑइल हळूहळू गळणार, आणि गिअरबॉक्स कोरडा पडून अडकला की मागचं चाक जागेवर लॉक होतं. आपले रस्ते, पावसाचं पाणी, समोरून बस. मी नाही म्हटलं. तो काही न बोलता निघून गेला आणि दोन दिवस आला नाही.

तिसऱ्या दिवशी आला आणि आम्ही इंजिन खोललं. चवथीत गोवा बंद, वेल्डरही घरी गेलेला, आई बाणस्तारीच्या बाजारातून गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान आणतेय, घुमट आरत्या चालू आहेत आणि शेडमधे चेंबरचे दोन भाग सुटे. सातव्या दिवशी तो बोटीवर गेला. गाडी चालवली नाही. जाताना चेंबरवर हात फिरवून गेला.

वेल्डिंग नंतर कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधे केलं, आर्गन गॅसवर. तो माणूस मला आवडला. बेअरिंग काढून आणलीत का हे आधी विचारलं, मग दोन्ही भाग बोल्टने एकमेकांना आवळले, तापून वाकू नयेत म्हणून. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तो पुढे पळत नाही, मग व्ही आकारात खोदला. पहिला टाका मारला तर काळी काजळी उकळून वर आली, इतकं तेल धातूत मुरलेलं. घासून परत, परत काजळी. चौथ्या वेळी टाका पांढरा, स्वच्छ बसला. घाई नाही, चिडचिड नाही. बिल मी बोललो त्यापेक्षा कमीच लावलं.

नवीन बेअरिंग, नवीन सील घालून इंजिन बसलं. वेल्डिंगची टाक्यांची ओळ मी घासून सपाट केली नाही, तशीच ठेवली आणि तिच्यावरूनच रंग दिला, बघणाऱ्याला दिसू दे. भाजलं, चालू केलं, वीस मिनिटं तापवलं, गार केलं, असं पाच वेळा. दर वेळी अंगठा फिरवला, कोरडं. पोराला व्हिडिओ पाठवला, तिकडून नुसता हात जोडलेला आला. आधीच्या तीन रंगकामांचे पैसे मी लावले नाहीत. विकणाऱ्याला त्याने फोन केला होता, तो आता उचलत नाही.

पण मला विकणाऱ्याचा राग तेवढा नाही. इंजिन खोलताना त्या लांबीचा एक तुकडा अख्खा निघाला, बदामाएवढा, तो मी ठेवलाय. मेकॅनिक लांबी लावतो ती बोटाने थापतो, कडेला ढेकूळ राहतं. याची कड कागदासारखी पातळ उतरवलेली आहे, उजेडात तिरका धरला की चारशे नंबरच्या पेपरच्या बारीक रेघा दिसतात, सगळ्या एकाच दिशेने, ठोकळा धरून मारलेल्या. हे मेकॅनिकचं काम नाही. हा पेंटरचा हात आहे, चांगल्या पेंटरचा, माझ्यासारखंच शिकलेल्या कुणाचा तरी. तडा त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्याला कुणीतरी म्हणालं असेल वरून लाव, आणि त्याने एवढ्या निगुतीने लावली.

तुकडा शेडमधे खिळ्यांच्या डब्यात आहे. पोरगा मार्चमधे येणार आहे, त्याला दाखवायचाय.