उकळूनही न मेलेलं

"नळ्यांची अदलाबदल झालीय तुझ्याकडून," मॅडम म्हणाल्या. रॅकमध्ये तीन नळ्या. पहिली नुसत्या स्टार्चची, आयोडीन टाकल्यावर गर्द निळी. दुसरीत स्टार्च तोडणारं एन्झाइम, म्हणून निळी न होता फिकट पिवळी, हवी तशीच. तिसरीतलं एन्झाइम मी आधी दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवलेलं, म्हणजे हिशेबाने मेलेलं. आणि तीही पिवळी!

पीएचडीचं दुसरं वर्ष होतं. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याच्या गरम झऱ्यावरून थर्मासमध्ये पाणी आणि गाळ आणला होता. उगमापाशी पाणी सुमारे ७० अंश. त्यातून वेगळा केलेला जिवाणू, जिओबॅसिलस प्रजातीतला, ६५ अंशांना रात्रीत फोफावायचा. जिवाणू वाढवायच्या अगारच्या प्लेटा मात्र त्या उष्णतेत पापडासारख्या वाळायच्या, म्हणून ओल्या कापसासकट पिशवीत बांधून ठेवायचे. जनुकं वाचून त्याच्याकडे अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम, आहे हे कळलं होतं. पण मस्टरवर नाव आहे म्हणून माणूस खुर्चीत असतोच असं नाही. एन्झाइम खरंच काम करतंय का, ते चाचणी करूनच कळणार. दोन महिने डीएनएस या रसायनाने, स्टार्च तुटून झालेली साखर मोजत होते. आकडे इतके किरकोळ की मॅडम शेवटी वैतागल्या, "आयोडीन टाक आणि डोळ्यांनी बघ." शाळेत थुंकी घालून करतो तोच प्रयोग, फक्त ७० अंशांच्या वॉटर बाथमध्ये.

सकाळी एक फजिती आधीच झाली होती. बाथमधून काढल्या काढल्या आयोडीन टाकलं, तर तिन्ही नळ्यांत निळ्याचा पत्ता नाही. एन्झाइम न घातलेलीतही नाही! मी डोक्याला हात लावून बसले. बेसिनपाशी काचसामान धुणारे काका मान न वळवता म्हणाले, "गार होऊ द्या की जरा." नळी नळाखाली धरली आणि काचेला लागून निळा रंग चढत आला. आयोडीन स्टार्चच्या मळसूत्री साखळीत जाऊन बसतं म्हणून तो रंग येतो. तापलं की ते सुटतं, निवलं की परत बसतं. पुस्तकात वाचलेलं होतं. आठवलं काकांना.

सगळं गार झाल्यावर उरला तो तिसऱ्या नळीचा घोळ. मॅडमच्या समोर पिपेटला नवीन टिप, नवीन नळ्या, झाकणावर मार्करने नंबर. पुन्हा तेच. मग दुसरा संशय : "नळी उघडी ठेवून बोलत होतीस का?" होते. आईचा फोन आला होता. थुंकीतही अमायलेज असतंच. मी निमूटपणे एका नळीत थुंकले, पाणी घालून पातळ केलं, दहा मिनिटं उकळलं, स्टार्च घातलं. गार करून आयोडीन टाकलं, तर शाईसारखं निळं. माझं अमायलेज मेलं होतं. झऱ्यातलं मेलं नव्हतं.

मॅडमनी तिसरी नळी खिडकीकडे धरली. "ही दुसरीसारखी पिवळी नाहीये. तांबूस आहे." खरंच, नवीन नळीत तांबूस, सकाळच्या नळीतही तांबूस. स्टार्च अर्धवट तुटलं की डेक्स्ट्रिनचा तसा रंग येतो. म्हणजे उकळल्यावर एन्झाइम सुस्तावलं होतं, एवढंच. मग ईडीटीए हे रसायन घालून त्याचं कॅल्शियम काढून घेतलं आणि उकळलं. निळं. कॅल्शियमच्या आधाराने ते घडी धरून होतं.

शेजारच्या टेबलावर डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन घरघरत होतं. त्यातलं टॅक पॉलिमरेज हे एन्झाइम दर फेरीला ९५ अंश सोसतं. ते मुळात अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतल्या, १९६९ साली नोंदवलेल्या थर्मस ॲक्वाटिकस या जिवाणूचं. मी ते वर्षानुवर्षं वापरतेय. तरी गरम झऱ्यातल्या जिवाणूचं एन्झाइम मारायला मी निघाले होते उकळतं पाणी घेऊन!

मग वही उघडली आणि पोटात गोळा आला. दोन महिने प्रत्येक आकड्यातून मी 'उकळलेला कंट्रोल', म्हणजे तुलनेसाठी उकळून मेलेल्या धरलेल्या एन्झाइमचा आकडा, वजा करत होते. म्हणजे जिवंत एन्झाइममधून जिवंत एन्झाइमच वजा, आणि खाली निष्कर्ष : 'क्रिया अत्यल्प'. मॅडमनी त्या ओळीवर पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाल्या, "चहा घेऊन ये आधी."

संध्याकाळी एन्झाइमची एक नळी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, १२१ अंशांना १५ मिनिटं ठेवली. मग स्टार्च आणि आयोडीन घातलं, तर निळी झाली. त्या रात्री मेलेला कंट्रोल मेलेला आहे की नाही हे आधी तपासून, पहिल्या नमुन्यापासून पुन्हा मोजायला घेतलं.