इंटरफेरोमीटरसाठी फोटोडायोड निवडताना

पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत टेबलावर मायकेल्सन इंटरफेरोमीटर (प्रकाशाच्या एका किरणाचे दोन भाग करून ते पुन्हा एकत्र आणणारं उपकरण) उभारायचा होता आणि त्याचा डिटेक्टर, म्हणजे प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारा फोटोडायोड, ठरवायचं काम माझ्याकडे आलं. लेसर १०६४ नॅनोमीटरचा, गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगोत वापरतात त्याच तरंगलांबीचा. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया व्हायचंय, म्हणून या कामात उतरणाऱ्या मुलामुलींसाठी हे सविस्तर लिहितेय.

डेटाशीट उघडली की आधी नजर जाते ती एनईपीवर, म्हणजे डिटेक्टरला कळू शकेल अशा सर्वांत मंद प्रकाशाच्या आकड्यावर. आमच्या मॅडमनी डेटाशीट बाजूला ठेवायला लावली. "आधी डायोडवर उजेड किती पडणार ते काढ." उत्तर आलं दीड मिलिवॉट. एवढ्या उजेडात एनईपीला फारसा अर्थ उरत नाही. फोटॉन अनियमित येतात त्यातून होणारा शॉट नॉइज (नॉइज म्हणजे करंटमधले नको असलेले चढउतार) सगळ्यांवर मात करतो, निदान करायला हवी. १ मिलिअँपिअर करंटला तो साधारण १८ पिकोअँपिअर दर वर्गमूळ हर्ट्झ इतका असतो. सर्किटचा सगळा नॉइज याच्या बराच खाली राहिला पाहिजे, हीच खरी अट. अ‍ॅव्हलांच फोटोडायोड इथेच बाद झाला. तो करंट वाढवतो, पण सोबत जादा नॉइजही घालतो. त्याचं काम मंद प्रकाशात.

सिलिकॉन स्वस्त आणि सहज मिळणारं. पण १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश सिलिकॉनमध्ये शोषला जायला सुमारे एक मिलिमीटर जाडी लागते, त्यामुळे साध्या डायोडमधून बराचसा प्रकाश आरपार जातो. इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा डायोड याच तरंगलांबीला वॉटमागे ०.७ अँपिअर सहज देतो. सगळे फोटॉन पकडले तरी कमाल ०.८६ च. प्रकार ठरला.

खरी डोकेफोड आकाराची. मोठा डायोड घेतला की किरण नेमका बसवायची कटकट कमी होते, पण क्षेत्रफळाबरोबर कॅपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) वाढतो. आम्ही १० मेगाहर्ट्झला मॉड्युलेशन करणार होतो, म्हणजे प्रकाशात त्या वारंवारतेचा बदल मुद्दाम घालून संकेत तिथे वाचणार होतो. ऑप-अँपचा (डायोडचा करंट वाढवून देणाऱ्या चिपचा) व्होल्टेज नॉइज ५ नॅनोव्होल्ट दर वर्गमूळ हर्ट्झ आणि कॅपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरला, तर त्या वारंवारतेला नुसत्या या जोडीचाच नॉइज ३१ पिकोअँपिअर दर वर्गमूळ हर्ट्झ होतो. शॉट नॉइज गाडलाच गेला! लायगोत मुख्य संकेत जिथून बाहेर येतो त्या टोकाला ३ मिलिमीटरचे डायोड चालतात, कारण तिथे गुरुत्वीय लहरींचा संकेत काही किलोहर्ट्झच्या आतच वाचायचा असतो. आम्ही १ मिलिमीटरचा घेतला, रिव्हर्स बायस (उलट दिशेचा व्होल्टेज) देऊन कॅपॅसिटन्स आणखी उतरवला आणि कमी नॉइजचा ऑप-अँप लावला. लेन्सने ठिपका लहान केला, पण फार टोकदार नाही. एका बिंदूवर जास्त उजेड पडला की डायोड तिथे संपृक्त होतो, म्हणजे उजेडाच्या प्रमाणात करंट वाढत नाही.

चाचणीला लेसर नको, कारण त्याच्या तेजात स्वतःचे चढउतार असतात. टॉर्चमधला जुना तारेचा बल्ब बॅटरीवर लावायचा. त्याचा प्रकाश जवळजवळ निव्वळ शॉट नॉइजचा असतो. खोलीत अंधार करून बल्ब हळूहळू जवळ आणत गेले. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवरची (कोणत्या वारंवारतेला किती नॉइज आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावरची) रेघ आधी ढिम्म हलेना. करंट ०.२ मिलिअँपिअरच्या आसपास गेला तेव्हा ती ३ डेसिबल वर आली, नॉइजची शक्ती दुप्पट झाली, म्हणजे शॉट नॉइज आणि सर्किटचा नॉइज बरोबरीला आले. त्यापुढे बरंच वर गेल्यावर करंट दुप्पट केला की रेघ जवळपास आणखी ३ डेसिबल चढायची. एनईपीपेक्षा मला या एका मोजणीवर जास्त भरवसा आहे. कुणीही डिटेक्टर विकायला आला तर हाच आलेख मागावा.

राहिली डायोडवरची काच. तिच्या दोन पृष्ठभागांवरून परतणारा प्रकाश आपसात व्यतिकरण करतो आणि तापमान थोडं बदललं तरी संकेत डोलतो. बिनकाचेचा डायोड वेगळा मागवला, उशिरा आला, पण त्यासाठी थांबलो. तो बसवताना काही अंश तिरका ठेवलाय, म्हणजे परावर्तित किरण इंटरफेरोमीटरमध्ये परत शिरत नाही. बाजूच्या काळ्या बीम डम्पमध्ये, प्रकाश गिळून टाकणाऱ्या अडथळ्यात, जातो. काच नसल्यामुळे धुळीचं भय मोठं, म्हणून लेसर बंद असताना त्यावर झाकण असतंच.