घाई कोण करतंय? मी का ते?

दसरा जवळ आला की पेपरातल्या बातम्या सापडायला आधी तीन-चार पानं उलटावी लागतात, सगळीकडे "साडेतीन मुहूर्तांपैकी एक" आणि खाली सोनं, फ्रीज, टू बीएचके. मुहूर्त पूर्वीही होताच की, पण आमच्याकडे त्या दिवशी आपट्याची पानं वाटायचे आणि आजोबांचे पाने-हातोडे पूजेला मांडायचे, टीव्ही घेतलाच पाहिजे असं कुठल्या पंचांगात लिहिलंय?

जाहिरातींवर माझा राग नाही, बाजारात काय आलंय ते कळणार कसं नाहीतर. माझं भांडण आहे ते घाईशी. "आजच", "शेवटचे काही तास" वगैरे. कारण दोन दिवस थांबलं की माणूस हिशोब करतो आणि तेच त्यांना नको असतं.

सोन्याचंच बघा. "घडणावळीवर ५०% सूट" हे मोठ्या अक्षरात. आता सोन्याचा भाव त्या दिवशी गावातल्या सगळ्या पेढ्यांवर जवळपास सारखाच असतो, म्हणजे सूट फक्त घडणावळीत, आणि मुळात घडणावळ किती टक्के लावायची हे दुकानच ठरवणार, मग दहाचे वीस करून निम्मे केले तर आपल्याला मिळालं काय? मी वजन, भाव, घडणावळ, ३% जीएसटी असं सगळं कागदावर लिहून मागते आणि कागद घेऊन सरळ घरी येते. सेल्समनचा चेहरा पडतो, पडू दे.

नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे म्हणे बिनव्याजी हप्ते, हा तर अजून भारी प्रकार. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीत लपवलेलं असतं. आता व्याजाइतकी सूट आधीच दाखवतात, मग बँक व्याज लावते, कार्डावर असेल तर त्या व्याजावर १८% जीएसटी, वर बऱ्याचदा फी पण, आणि एकरकमी पैसे दिले असते तर मिळाली असती ती सूट कधीकधी हातची जाते ती वेगळीच.

ऑनलाइनवर तर उलटं घड्याळच लावतात. "फक्त २ शिल्लक!" हे खोटं असेल तर नियमात बसत नाही बरं का, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ क्लृप्त्यांची यादी काढली त्यात खोटी घाई पहिल्याच नंबरावर आहे, शिवाय कार्टमध्ये गुपचूप वस्तू घुसवणं, विमा नको म्हटलं की "मी असुरक्षितच राहीन" असं बटण दाबायला लावून लाजवणं, हेही आहे. तक्रार करायची तर १९१५ वर फोन करायचा.

पण तक्रारीपेक्षा मला आईची पद्धत आवडते. ती किराण्याची यादी महिनाभर कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहित जायची आणि वाण्याकडे जायच्या आधी त्यातलं बरंचसं स्वतःच खोडायची. मी तेच करते, फक्त कागद फ्रीजवर असतो. शॉपिंग ॲपची नोटिफिकेशन बंद, कार्ड कुठेही सेव्ह नाही, पगार झाला की यादी परत वाचायची. नवरा म्हणतो सेलची सगळी मजा घालवतेस, आणि त्याचंही अगदीच चूक नाही, काही वस्तू खरंच स्वस्तात मिळाल्या असत्या.

सध्या यादीत एअर फ्रायर आहे. त्याच्यापुढे सासूबाईंनी पेननं लिहून ठेवलंय, "कशाला?"