निळ्या जिभांचा हिशेब: पाण्यातून लसीकरण, तिसऱ्या तुकडीची नोंद

आधी मागचं सांगतो, म्हणजे या वेळी मी मोजमापाच्या एवढा मागे का लागलोय ते कळेल. गेल्या तुकडीत 40 तलंगा (तरुण कोंबड्या) होत्या. मानमोडीवरची लासोटा लस पाण्यातून दिली होती, तारीख वहीत लिहिली होती. तरी अडीच महिन्यांच्या झाल्यावर मानमोडी आलीच. पहिल्या दिवशी दोघी पंख पाडून कोपऱ्यात बसल्या, हिरवट पातळ विष्ठा, चोच उघडी ठेवून श्वास. चौथ्या दिवशी एकीची मान पिळवटली. दाणा टिपायला जायची आणि दर वेळी दाण्याच्या बाजूला टोचायची. आठवड्यात 23 गेल्या. पशुवैद्यकांनी एक उघडून दाखवली, जठराच्या आतल्या अस्तरावर टाचणीच्या डोक्याएवढे रक्ताचे ठिपके होते. त्यांनी विचारलं, "लस दिली होती का?" म्हटलं, दिली होती. "पक्ष्यांनी ती प्यायली का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या तुकडीत तेवढं एकच उत्तर मिळवायचं ठरवलंय: लस किती पक्ष्यांच्या घशाखाली गेली, आणि किती वेळात.

वय 6 दिवस
इनक्यूबेटरमधून 48 पिल्ले निघाली, सगळी तरतरीत. प्रत्येकाच्या पायात नंबरची रिंग घातली. मानमोडीचा (राणीखेत म्हणा, न्यूकॅसल म्हणा, रोग एकच) पहिला डोस एफ स्ट्रेनचा (विषाणूच्या सौम्य वाणाचा), तो डोळ्यात थेंब टाकून दिला. पिल्लू मुठीत धरायचं, थेंब टाकायचा आणि पापणी मिटून थेंब आत जाईपर्यंत सोडायचं नाही. लगेच सोडलं तर ते डोकं झटकतं आणि थेंब तुसावर जातो. डोळ्यामागच्या ग्रंथीत प्रतिकाराच्या पेशी असतात, त्यामुळे हा मार्ग चांगला लागू पडतो आणि सगळ्या पक्ष्यांत सारखी प्रतिकारशक्ती येते. ज्यांच्याकडे वीस-पंचवीसच पक्षी आहेत त्यांनी शक्यतो हाच मार्ग धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. पाण्याचा मार्ग सोपा दिसतो, पण नीट करायचा तर तो थेंबापेक्षा जास्त काळजी मागतो. मी तो शिकतोय, कारण पुढे संख्या वाढवायची आहे आणि मोठे पक्षी एकेक पकडताना फार बिथरतात.

पाण्यातून फक्त जिवंत लस चालते, हे नव्याने आलेल्यांसाठी. मारलेल्या विषाणूची लस टोचावीच लागते. मरेक्स रोगाची लस पिल्लू निघाल्याच्या दिवशीच टोचतात. कोंबड्यांच्या देवी रोगाची पंखाच्या पडद्यात दुहेरी सुईने देतात. पाण्यातून प्रामुख्याने मानमोडी, गंबोरो आणि संसर्गजन्य ब्राँकायटिस.

वय 11 दिवस
आज रंगीत तालीम, आणि खरोखरच रंगीत. लस नाही, नुसतं पाणी आणि त्यात खाण्याचा निळा रंग. नेहमीचं एक भांडं नेहमीच्या जागी ठेवलं, आधी तहान लावली नाही. गेल्या वेळी लस अगदी अशीच दिली होती, म्हणून मुद्दाम. दीड तासाने एकेक पिल्लू उचललं, अंगठ्याने चोच उघडली आणि जीभ पाहिली. जे प्यायलं त्याची जीभ आणि टाळूची मधली फट निळी, गळ्याखालच्या पिशवीवरची पातळ कातडीही निळसर दिसते. जे प्यायलं नाही त्याची जीभ गुलाबी.

48 पैकी 31 निळ्या, 17 गुलाबी. वहीत आकडा लिहिला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिलो. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पक्षी कोरडे, आणि गेल्या वेळी मी "लस दिली" असं लिहून मोकळा झालो होतो.

गुलाबी जिभांचे नंबर पाहिले तर बरीचशी बारकी पिल्ले. भांड्याभोवती धीट पिल्लांची दाटी असते, बारकी मागे उभी राहतात आणि नंतर जाऊ म्हणून थांबतात. रोज त्याने काही बिघडत नाही, दिवसभरात कधीतरी पितात. पण पाण्यातला लसीचा विषाणू फार काळ तग धरत नाही. तास-दोन तासांत संपलं नाही तर मागे राहिलेल्यांना मिळतं ते जवळजवळ नुसतं पाणी.

वय 13 दिवस
दुसरी तालीम. एकाऐवजी चार उथळ प्लास्टिकची भांडी, चार बाजूंना. निदान दोन तृतीयांश पक्षी एका वेळी पिऊ शकतील एवढी जागा हवी. भांडी ठेवण्याआधी एक तास पाणी काढून घेतलं, खाद्य तसंच ठेवलं. कोरडं खाद्य खाल्लं की पिल्ले पाण्याकडे वळतातच. तहान किती लावायची यावर मतभेद आहेत. माझा अंदाज असा: कडक उकाड्यात तासभर पुरे, गारठ्यात दोन तास किंवा थोडं अधिक. त्यापुढे ताणू नका. फार तहानलेली पिल्ले भांड्यावर तुटून पडतात, पाणी सांडतात, बारकी तुडवली जातात. मग उद्देशच फसतो.

पाणी दिल्यावर मधून हळूच चक्कर मारली आणि कडेला बसलेल्यांना उठवलं. 45 निळ्या, 3 गुलाबी. सव्वा तासात 610 मिली संपलं.

हा आकडाही कामाचा आहे. सर्वसाधारण आडाखा असा की हजार पक्ष्यांना वयाच्या दिवसांइतके लिटर, म्हणजे प्रत्येक पक्ष्याला वयाच्या दर दिवसामागे एक मिली. 14 दिवसांच्या 48 पिल्लांना 672 मिली. माझं प्रत्यक्ष मोजमाप त्याच्या जवळपास आलं, म्हणून उद्यासाठी 650 ठरवलं. आडाख्यावर विसंबण्यापेक्षा आदल्या दिवशी मोजलेलं बरं, कारण जात, हवा आणि खाद्य यांनी फरक पडतो.

वय 14 दिवस: गंबोरो
पाण्याची तयारी कालच सुरू केली होती. गेल्या तुकडीच्या वेळी आदल्या संध्याकाळी भांडी जंतुनाशकाने घासली होती आणि पाणी थेट नळाचं घेतलं होतं. स्वच्छतेच्या नादात लसच मारली असणार, असं आता वाटतं. मानमोडीच्या विषाणूला बाहेरून स्निग्ध आवरण असतं, साबणाच्या अंशानेही ते फाटतं, आणि क्लोरीन तर सगळ्याच लसींना नडतं. या वेळी दोन दिवस आधीपासून पाण्यात काही औषध नाही, भांडी नुसत्या पाण्याने आणि ब्रशने घासलेली. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं होतं, तरी सकाळी चाचणीच्या पट्टीवर क्लोरीनची फिकट खूण दिसली. उघडं ठेवल्याने ते पूर्ण जातंच असं नाही, पट्टीने तपासाच.

उरलेल्या क्लोरीनसाठी साय काढलेल्या दुधाची पावडर, लिटरला अडीच ग्रॅम. 650 मिलीला साधारण 1.6 ग्रॅम. दुधातली प्रथिनं क्लोरीनला गुंतवून ठेवतात आणि विषाणूला आधार देतात. साय असलेलं दूध नको, स्निग्धांश भांड्यात आणि नळीत चिकटतो. पावडर मिसळल्यावर अर्धा तास थांबायचं आणि मगच लस. तो अर्धा तास घाईत गाळू नका, पावडरीला आपलं काम करायला वेळ लागतो.

आता मला सर्वांत आवडणारा क्षण. कुप्पी शीतपेटीतून काढली, धातूचं झाकण सोडवलं आणि रबरी बूच पाण्याच्या पृष्ठभागाखाली धरून उघडलं. कुप्पीच्या आत निर्वात असतं, त्यामुळे पाणी एकदम आत ओढलं जातं. तळाशी चिकटलेली ती खडूच्या तुकड्यासारखी वडी क्षणात विरघळते. पाणी आत ओढलं गेलं नाही तर कुप्पीत कुठूनतरी हवा शिरली आहे असं समजावं, मी ती वापरणार नाही. दोनदा कुप्पी विसळून तेही पाण्यात घातलं. 100 डोसांची कुप्पी 48 पिल्लांना पूर्ण वापरली. अर्धी उद्यासाठी ठेवणं हा विचारही मनात आणू नका.

सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत भांडी ठेवली. एक तास दहा मिनिटांत पाणी संपलं. पाण्यात निळा रंग होताच, जिभा पाहिल्या: 46 निळ्या. दोन गुलाबी, नंबर 19 आणि 37. त्यांच्यासाठी वाटीत वेगळं ठेवलेलं लसीचं पाणी ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडलं, प्रत्येकी 14 मिली, घोट गिळल्यावरच पुढचा थेंब. रिकामी कुप्पी उकळून मगच टाकली.

गंबोरोवर एवढा जोर का? हा विषाणू बर्सा नावाच्या अवयवावर हल्ला करतो. पिल्लाच्या प्रतिकाराच्या पेशी तिथे तयार होतात. बर्सा बिघडला की पुढे मानमोडीची कितीही चांगली लस दिली तरी शरीर तिला नीट उत्तर देत नाही. 1962 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात गंबोरोजवळ हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला, त्यावरून नाव. आणि विषाणू भलताच चिवट, रिकाम्या शेडमध्ये महिनोन्‌महिने टिकतो. मागच्या तुकडीत तोही असेल का, ही शंका माझ्या मनातून गेलेली नाही.

वय 24 दिवस
गंबोरोचा दुसरा डोस, तीच पद्धत. आईकडून अंड्यातून आलेली प्रतिपिंडं प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या दिवशी उतरतात आणि ती जास्त असली तर लसीलाच निष्प्रभ करतात, म्हणून एका डोसावर भिस्त ठेवली नाही. 47 निळ्या. गुलाबी पुन्हा नंबर 37. तिला ड्रॉपरने.

वय 34 दिवस: लासोटा
सकाळी सगळ्यांना पाहून घेतलं. एकही सुस्त नाही, विष्ठा घट्ट. आजारी तुकडीला लस द्यायची नाही, हा नियम मी मोडत नाही.

34 गुणिले 48 म्हणजे 1632 मिली. काल मोजलं तेव्हा दीड लिटर सव्वा तासात गेलं होतं, म्हणून आज दीड लिटर, पावणेचार ग्रॅम दूध पावडर आणि सहा भांडी. पक्षी आता मोठे झालेत, चार भांड्यांत दाटी व्हायला लागली होती. 37 साठी आणि तिच्यासारख्या आणखी पाच भित्र्यांसाठी जाळी लावून वेगळा कोपरा केला, त्यांचं भांडं वेगळं. या एका बदलाने सगळ्यांत जास्त फरक पडला. पाच मिनिटांत 37 भांड्यावर. चोच बुडवायची, मान वर करायची, घोट उतरला की पुन्हा बुडवायची. तिला स्वतःहून पिताना पाहून फार बरं वाटलं.

पंचावन्न मिनिटांत दीड लिटर संपलं. 48 पैकी 48 निळ्या.

लासोटा हाताळताना चष्मा घाला आणि नंतर हात धुवा. हा विषाणू माणसाच्या डोळ्यात गेला तर डोळे येतात. दोन-चार दिवसांत बरे होतात, पण टाळता येण्यासारखं आहे. हे नाव न्यू जर्सीतल्या ज्या फार्मवर 1946 मध्ये हा विषाणू मिळाला, त्या फार्मच्या मालकाच्या आडनावावरून आलं.

वय 38 दिवस
सात-आठ जणींना शिंका, रात्री कान दिला तर बारीक घरघर. खाणं-पिणं नेहमीसारखं. लासोटानंतर तीन ते पाच दिवसांत एवढं अपेक्षित असतं, ती लस अंगात वाढत असल्याची खूण आहे. औषध दिलं नाही. फक्त तूस हलवून कोरडं केलं आणि रात्री हवा खेळती ठेवली, कारण अमोनियाचा वास कोंडला तर ह्याच शिंका लांबतात. बेचाळिसाव्या दिवशी सगळं शांत.

वय 56 दिवस
पशुवैद्यकांनी दहा जणींच्या पंखाखालच्या शिरेतून रक्त घेतलं होतं, एचआय चाचणीचे आकडे आज आले. मानमोडीचा विषाणू तांबड्या पेशींचे गठ्ठे बनवतो. पक्ष्याचा रक्तद्रव किती पट पातळ केला तरी ते गठ्ठे होणं रोखतो, हे या चाचणीत पाहतात. त्या पातळपणाच्या आकड्याला टायटर म्हणतात, जितका मोठा तितकं चांगलं. आठ जणींचा टायटर 1:32 किंवा वर, एकीचा 1:16, एकीचा 1:8. नंबर 37 चा 1:64.

1:8 वाली नंबर 8 आहे. वही उलटून पाहिली: तिन्ही वेळा जीभ गडद निळी, भांड्यावर पहिली पोचणारी, अंगाने सर्वांत भरलेली. म्हणजे निळी जीभ पाणी पोचल्याचं सांगते, शरीराने काय उत्तर दिलं ते सांगत नाही. हे मला आधी माहीत होतं, पण वहीत नंबरासकट समोर आलं तेव्हा नीट समजलं. आकड्याने घाबरलो नाही. कळपात बहुतेकांचा टायटर चांगला असेल तर रोगाला पसरायला वाव कमी मिळतो. नंबर 8 ला मात्र पुढच्या आठवड्यात लासोटा डोळ्यात थेंबाने देणार आहे, आणि तीन आठवड्यांनी तिचं एकटीचं रक्त पुन्हा तपासणार आहे. अंड्यावर येण्याआधी, सोळाव्या-सतराव्या आठवड्यात, सगळ्यांना मारलेल्या विषाणूची लस टोचणार.

ज्यांनी डोळ्यातले थेंब आणि पाणी, दोन्ही मार्ग एकाच तुकडीत वेगवेगळ्या पक्ष्यांवर वापरून टायटर तपासले असतील त्यांनी आकडे जरूर कळवावेत. माझ्या पुढच्या तुकडीची अंडी परवा इनक्यूबेटरमध्ये जातील, त्याआधी मिळाले तर चोवीस-चोवीसचे दोन गट करायचा विचार आहे.