उभ्या गाडीची बॅटरी

‘गाडी तर नुसती उभी असते, मग तिची बॅटरी उतरते कशी?’ हे मला लिफ्टमध्ये विचारून झालंय, पार्किंगमध्ये विचारून झालंय, एकदा तर लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढता वाढता विचारलं गेलं. पाठोपाठ सल्लाही ठरलेला : ‘रोज पाच मिनिटं चालू करून ठेवत जा की!’ तुम्हीही विचारलंत, तर एकदा सविस्तरच सांगते.

गाडी म्हणजे 2010 सालची पोर्श बॉक्स्टर. सेकंड हँड, दोन सीटची, कापडी टपाची. ‘ह्यांची का?’ असंही विचारतात. नाही, माझी. ह्यांचे गुडघे त्या उंचीवर वाकत नाहीत. जून लागला की ती आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये कव्हरखाली जाते आणि दसऱ्याला बाहेर निघते. पहिल्या वर्षी असंच केलं आणि दसऱ्याला सकाळी सहा वाजता झेंडूची माळ हातात घेऊन खाली गेले. किल्लीचं बटण दाबलं, काहीच नाही. दाराच्या कुलपात किल्ली फिरवून आत बसले, तर आतला दिवासुद्धा लागेना.

शेजारचे काका फेरफटका मारून परत येत होते. ‘चला, धक्का मारू या,’ म्हणाले, आणि वॉचमनला हाकही मारली. त्यांचा उत्साह मोडवत नव्हता, पण माझ्या गाडीला पीडीके गिअरबॉक्स आहे. तो ऑटोमॅटिक, क्लचचं पेडलच नाही, धक्क्याने ती सुरू व्हायची नाही. बरं, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायरी जोडून जंप द्यावा, तर बॅटरी असते पुढच्या डिकीत (इंजिन मागे, सामान पुढे, अशी ही उलटी गाडी), आणि त्या डिकीचं कुलूप विजेवर चालतं. म्हणजे बॅटरीपर्यंत पोचायला बॅटरी हवी. तिजोरीची किल्ली तिजोरीतच.

कंपनीने यावर तोड काढून ठेवलेली आहे, पण ती पुस्तकात. पुस्तक वाचलं ते त्या दिवशी. चालकाच्या पायाशी बाजूला फ्यूजची पेटी असते, तिच्यातून एक लाल टोक बाहेर ओढायचं. त्याला दुसऱ्या बॅटरीचा धन चिमटा लावायचा, आणि ऋण चिमटा दाराजवळच्या उघड्या धातूला. तेवढ्या करंटवर डिकीचं कुलूप उघडतं. इंजिन मात्र या टोकावरून सुरू करायचं नसतं. पुस्तकात आणखी एक वाक्य होतं, ते माझ्या नजरेतून सुटलं : गाडी लॉक असेल तर चिमटा टेकताच अलार्म वाजतो. तो वाजला. दसऱ्याच्या पहाटे, बेसमेंटमध्ये, चारी भिंतींवर आपटत. किल्लीचं बटण दाबून बंद करेपर्यंत तीन मजल्यांच्या गॅलऱ्यांत माणसं आली होती. सोनं द्यायला नव्हती आली.

पूजा झाली, ती बंद गाडीचीच. बॅटरी पुढे चार्ज करून पाहिली, पण तग धरेना. नवी घ्यावी लागली. चूक सगळी माझी. तेव्हा व्होल्ट आणि करंट मोजणारा मल्टिमीटर विकत घेतला आणि प्रश्नाचं उत्तर स्वतःच शोधायला बसले.

उभी गाडी झोपलेली नसते. अलार्म जागा असतो, किल्लीचा सिग्नल ऐकणारा रिसीव्हर जागा असतो, घड्याळ चालू असतं, आणि कुठल्या ना कुठल्या कॉम्प्युटरला आपली स्मृती सांभाळायला चिमूटभर वीज लागतच असते. मोजायचं कसं, तर ऋण केबल काढून केबल आणि बॅटरी यांच्या मधोमध मीटर जोडायचा. पण डिकी उघडी असताना गाडी जागीच राहते. म्हणून डिकीच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद करायची, म्हणजे गाडीला वाटतं झाकण लागलं. मग खुर्ची टाकून वाट बघत बसायचं. सुरुवातीला मीटर काही अँपिअर दाखवतो. एकेक भाग झोपी जातो तसतसा आकडा पायऱ्या उतरतो. अर्ध्या तासाने माझा मीटर 35 मिलिअँपिअरवर थांबला. हे काही बिघाडाचं लक्षण नाही, आजकालच्या गाडीला 50 पर्यंत चालतं.

आता हिशेब करा. 35 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला साधारण 0.84 अँपिअर-अवर (करंट गुणिले तास), महिन्याला 25. माझी बॅटरी 70 अँपिअर-अवरची. तीन महिन्यांच्या आतच खडखडाट. त्याशिवाय शिशाची बॅटरी कशालाही न जोडता ठेवली तरी माठासारखी झिरपते, महिन्याला तीन-चार टक्के, आणि उकाड्यात त्याहून जास्त. आमची मुलगी सुट्टीत रोज खाली जाऊन दार उघडून ‘बसून’ यायची, तेही याच खात्यात मांडा. दार उघडलं की झोपलेली सगळी मंडळी पुन्हा उठतात आणि पुन्हा झोपायला वेळ घेतात.

नुसती रिकामी झाली असती तर भरता आली असती. पण उतरलेल्या बॅटरीत दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं, आणि ते तसंच आठवडेच्या आठवडे राहिलं की त्याचे कडक स्फटिक होतात. ते परत विरघळत नाहीत. तेवढी जागा कायमची गेली. 1859 मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने ही बॅटरी बनवली, तेव्हापासून ती भरलेली असतानाच सुखी असते. स्थिर असताना 12.6 ते 12.7 व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं, 12.2 म्हणजे निम्मं, 12 च्या खाली म्हणजे हातपाय गाळलेले. दसऱ्याला माझी किती होती हे मला कळलं नाही, मीटर नंतर आला.

आता पाच मिनिटांच्या सल्ल्याकडे येते, कारण खरी चुकीची समजूत ती आहे. स्टार्टरला दोनशेच्या आसपास अँपिअर लागतात, पण दोनच सेकंद. म्हणजे बॅटरीतून जातं फक्त 0.1 अँपिअर-अवर. पाच मिनिटांत हे भरून निघतं, वर थोडं पडतंही. पण आधीच महिन्याभराचे 25 गेलेले असतील, तर ते कोण भरणार? गाडी जागेवर नुसती चालू असताना आल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) अर्धवट ताकदीने चालतो, आणि बॅटरी जसजशी भरत जाते तसतशी करंट घ्यायला कुरकुर करते. शेवटचा भाग भरायला तासन् तास लागतात. शिवाय पाच मिनिटांत तेल तापत नाही. जळणातून तयार झालेली वाफ सायलेन्सरमध्ये आणि तेलात तशीच राहते, बाहेर पडत नाही. म्हणजे बॅटरी भरली नाहीच, वर गंज बोलावला. चालू करायची तर पौड-मुळशी-ताम्हिणी अशी तासभर तरी पळवून आणा. नाहीतर हात लावू नका.

ऋण केबल काढून ठेवणं हा फुकटचा उपाय. तोही केला एक वर्ष. पण मग अलार्म बंद, आणि केबल परत लावली की काचांना पुन्हा वरखाली करून आपली हद्द शिकवावी लागते. या गाडीच्या काचांना चौकट नाही. दार उघडताना काच किंचित खाली सरकते, बंद केल्यावर वर जाऊन रबराला टेकते. वीजच नसेल तर काच तशीच रबर घासत निघते. दोनदा झालं, तिसऱ्यांदा मी ते होऊ दिलं नाही. सोलर पॅनेलही सुचवतात. बेसमेंटमध्ये?

म्हणून चार्जर. कुठलाही नाही, मेंटेनर म्हणतात तो. साधा गॅरेजवाला चार्जर आठवडाभर लावलात तर बॅटरी उकळेल. मेंटेनर आधी 14.4 व्होल्टच्या आसपास भरतो आणि भरली की साधारण 13.6 वर येऊन नुसता हात धरून राहतो. सीटेक ही स्वीडिश कंपनी यात नावाजलेली. पोर्श स्वतःच्या नावाचाही विकते, यावरूनच समजा की ही तक्रार माझ्या एकटीची नाही. माझ्या गाडीत लायटरचं सॉकेट किल्ली काढल्यावरही चालू राहतं, त्यामुळे तिथूनच चार्ज होते आणि डिकी बंद ठेवता येते. सगळ्या गाड्यांत तसं नसतं, आधी तपासा. लिथियमची बॅटरी बसवली असेल तर चार्जरवर तसं लिहिलेलं हवं. पोर्शने 2010 पासून काही मॉडेल्सना सहा किलोपेक्षा हलकी लिथियम बॅटरी पर्याय म्हणून दिली, तेव्हाची किंमत 1,904 युरो, आणि सोबत नेहमीची शिशाचीही दिली, कारण कडाक्याच्या थंडीत पहिली हातपाय आखडते. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

चार्जर आणला, पण प्लग कुठे? बेसमेंटमध्ये एकच पॉइंट, तो पंपाचा. माझ्याच मीटरवरून वायर खाली आणायची परवानगी मागितली, तर कमिटीत दोन बैठका झाल्या. ‘मॅडम, आज तुम्ही चार्जर लावला, उद्या सगळे इलेक्ट्रिक गाड्या लावतील,’ सेक्रेटरी म्हणाले. मी कागदावर मांडून दाखवलं : बॅटरी भरल्यावर पाच वॉट धरले तरी महिन्याला साडेतीन युनिट. लिफ्टमधला पंखा याहून जास्त खातो, आणि तो तर रिकाम्या लिफ्टमध्ये फिरत असतो. परवानगी मिळाली. पंख्याचंही पुढे काहीतरी केलं म्हणे.

गेल्या दसऱ्याला 12.7 होते. पहिल्या झटक्यात सुरू झाली, काकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग विचारलं, एवढी तयार असते तर चालवत का नाही? त्याचं उत्तर बेसमेंटच्या चढावर, गेटच्या अलीकडे आहे. कमिटीने बसवलेला स्पीडब्रेकर. तिरकी घालून, पहिल्या गिअरमध्ये, एक वॉचमन पुढे वाकून बघत असेल तेव्हाच ती त्यावरून पोट न घासता जाते. पावसात त्याला कुठे वाकायला लावू?